पाहुणे गेल्यावर घराचे काय? सोहळ्यांसाठी बांधलेली संकुले शेजारच्या वस्तीच्या उपयोगी कशी पडतात

लॉस एंजेलिसमध्ये २०२८ साली आणि ब्रिस्बेनमध्ये २०३२ साली ऑलिंपिक भरणार आहे. यजमान शहरांची चर्चा सुरू झाली की दोन प्रकारची चित्रे हमखास समोर येतात. एका चित्रात संगणकावर रंगवलेले झगमगते स्टेडियम असते आणि त्याच्याभोवती हिरवळीवर मुले खेळत असतात. दुसऱ्या चित्रात २००४ च्या ऑलिंपिकनंतर अथेन्समध्ये मागे राहिलेले होडीशर्यतीचे कोरडे कालवे आणि रानगवत माजलेली मैदाने असतात. ही दोन्ही चित्रे पाहिल्यावर कोणत्याही करदात्याला पडावा असा साधा प्रश्न आहे: एवढा पैसा ओतून बांधलेल्या इमारती सोहळा आटोपल्यावर शेजारी राहणाऱ्या माणसांच्या उपयोगी का पडत नाहीत, आणि जिथे पडतात तिथे नेमके काय वेगळे केलेले असते?

माझे मत आधीच सांगून टाकतो. पुढच्या वापराचा निर्णय पाया खणण्याआधी झाला की सोहळा संपल्यावर, यावर पुढचे बहुतेक सगळे अवलंबून असते. ते कसे, हे आता पाहू.

अडचण मुळात कुठे आहे?

दोन दिवसांसाठी चाळीस पाहुणे येणार असतील तर कोणी चाळीस पलंग विकत घेत नाही. आपण गाद्या भाड्याने आणतो, शेजाऱ्यांची खोली मागून घेतो आणि पाहुणे गेले की सगळे परत करतो. पलंग घेतलेच, तर ते ठेवायला आयुष्यभर जागा लागेल आणि त्यांच्यावरची धूळही आपल्यालाच झटकावी लागेल. मोठ्या सोहळ्यांच्या बाबतीत मात्र अनेक शहरांनी पलंगच विकत घेतले. पंधरा-वीस दिवसांच्या सर्वाधिक गर्दीचा आकडा धरून कायमची इमारत बांधायची, आणि मग तेवढी गर्दी पुन्हा कधी येईल याची वाट पाहत बसायचे, असा तो प्रकार आहे.

यातला दुसरा भाग पटकन लक्षात येत नाही. बांधकामाचा खर्च एकदाच होतो आणि त्याच्या बातम्या होतात. चालवण्याचा खर्च दरवर्षी होतो आणि त्याची बातमी क्वचितच होते. तलावाचे पाणी रोज गाळावे लागते, मोठ्या दालनात हवा खेळती ठेवावी लागते, आगीची सूचना देणारी यंत्रणा तपासावी लागते, छताचे सांधे भरावे लागतात, पहारेकरी ठेवावे लागतात. इमारत बंद असली तरी यातले बरेचसे चुकत नाही. रिओ दि जानेरोचे जगप्रसिद्ध माराकाना स्टेडियम २०१६ च्या ऑलिंपिकनंतर काही महिन्यांतच, जबाबदारी कोणाची या वादात, उजाड झाले होते: हिरवळ वाळली, खुर्च्या उखडल्या गेल्या आणि थकबाकीमुळे वीज तोडली गेली. ब्राझीलचीच राजधानी असलेल्या ब्राझीलियात २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी प्रचंड खर्च करून स्टेडियम उभे राहिले, पण त्या शहराचा एकही संघ देशाच्या पहिल्या श्रेणीत खेळत नव्हता. पुढच्याच वर्षी त्याच्या आवारात शहराच्या बसगाड्या उभ्या केल्या जात होत्या. अशा इमारतींनाच आपण ‘पांढरा हत्ती’ म्हणतो. दारात बांधलेला, कामाचा नसलेला, पण रोज खायला मागणारा.

एकाच उद्यानातल्या दोन इमारती

लंडनचे २०१२ चे ऑलिंपिक या विषयाचा उत्तम धडा आहे, कारण तिथे यश आणि चूक एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शहराच्या पूर्वेकडचा स्ट्रॅटफर्डचा परिसर जुन्या कारखान्यांनी दूषित झालेला होता. तिथली माती अक्षरशः धुऊन घेतली गेली आणि तिच्यावर उद्यान, क्रीडागृहे आणि खेळाडूंची वसाहत उभी राहिली.

आधी तरण तलावाची इमारत पाहू. वास्तुविशारद झाहा हदीद यांनी आखलेल्या या इमारतीला स्पर्धेच्या काळात दोन बाजूंना दोन अवाढव्य पंख जोडलेले होते. त्या पंखांत तात्पुरत्या खुर्च्या होत्या आणि त्यांच्यासह सुमारे १७,५०० प्रेक्षक बसू शकत. स्पर्धा संपल्या, पंख उतरवले गेले, त्यांच्या जागी उंच काचा बसल्या आणि सुमारे अडीच हजार खुर्च्यांचा, दिवसाच्या उजेडाने भरलेला तलाव मागे उरला. २०१४ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला, तोही आसपासच्या साध्या तलावांइतक्याच शुल्कात. त्याची एक खुबी जवळून पाहण्यासारखी आहे. पाण्याखालचा तळ यंत्राने वर-खाली करता येतो आणि तलावाच्या मध्ये सरकते आडवे कठडे आणून त्याचे भाग पाडता येतात. त्यामुळे ज्या पाण्यात विश्वविक्रमासाठी चुरस झाली, तिथेच तळ वर उचलून लहान मुलांना पाय टेकवून उभे राहता येईल इतके उथळ पाणी करता येते आणि शेजारच्या भागात कोणी लांब पल्ल्याचा सराव करत राहू शकतो. ही सोय नंतर बसवायची म्हटली असती तर तलाव फोडावा लागला असता. ती आराखड्यातच होती.

आता त्याच उद्यानातले मुख्य स्टेडियम पाहू. मूळ कल्पना अशीच होती: ८०,००० पैकी ५५,००० खुर्च्या वरच्या, सुट्या होणाऱ्या भागात, आणि स्पर्धेनंतर २५,००० खुर्च्यांचे आटोपशीर मैदान. पण तो बेत पुढे सोडून देण्यात आला आणि स्टेडियम मोठेच ठेवून तिथे एक फुटबॉल क्लब आणायचे ठरले. धावपट्टीसाठी आखलेले मैदान फुटबॉलला सोयीचे नसते, कारण प्रेक्षक खेळापासून फार लांब पडतात. म्हणून छत बदलावे लागले, सरकत्या खुर्च्या बसवाव्या लागल्या आणि केवळ या फेरबदलाचे बिल ३२.३ कोटी पौंडांवर गेले. खुर्च्या मागे-पुढे हलवण्याचा वर्षाचा खर्च सुरुवातीला ३ लाख पौंड धरला होता. तो ८० लाखांच्या घरात पोहोचला, तर क्लबचे वार्षिक भाडे सुमारे २५ लाख पौंड ठरलेले होते. तोटा सार्वजनिक तिजोरीवर पडला. आखणारे हुशार होते, पैसा होता, शहरही तेच होते. तलावाचा उद्याचा वापरकर्ता आधी ठरला होता आणि स्टेडियमचा नंतर ठरला, एवढा एक फरक या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी आहे.

सुट्या होणाऱ्या या तात्पुरत्या भागाला आयोजकांच्या भाषेत ‘ओव्हरले’ म्हणतात. दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो अगदी टोकाला नेला: ३५,००० आसनांचे उद्घाटनाचे स्टेडियम चार सोहळ्यांसाठी वापरले आणि उतरवून टाकले. लोक हळहळले, पण लहानशा गावाला ते जन्मभर सांभाळणे परवडले नसते.

अर्थात, सुटे होणारे बांधले की काम झाले असे मानणे घातक आहे. रिओमधले हँडबॉलचे क्रीडागृह सुटे करून त्यातून चार शाळा उभारायच्या, असे जाहीर वचन होते आणि रचनाही तशीच होती. तरीही ते काम वर्षानुवर्षे रखडले, कारण सोहळ्यानंतर शहर कर्जात होते आणि या कामासाठी पैसा वेगळा काढून ठेवलेला नव्हता.

‘वापरात आहे’ म्हणजे नेमके काय?

या टप्प्यावर कोणी म्हणेल की चित्र इतके वाईट नाही, आणि ते बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२२ मध्ये केलेल्या मोजणीनुसार १८९६ पासूनच्या ८१७ कायमस्वरूपी क्रीडास्थळांपैकी ८५ टक्के अजून वापरात आहेत. उजाड जागांची छायाचित्रे भराभर पसरतात, नीट चाललेल्या तलावाचे छायाचित्र कोणी काढत नाही, हेही तितकेच खरे.

तरीही ‘वापरात’ या शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. वर्षातून काही मोठे कार्यक्रम आणि एरवी पर्यटकांची तिकिटे, हाही वापरच; आणि रोज सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत शाळा, ज्येष्ठ नागरिक, व्यायामाला येणारे लोक आणि सराव करणारे संघ यांनी गजबजलेली इमारत, हाही वापरच. शेजारच्या वस्तीच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून एखादे संकुल ‘यशस्वी’ असल्याचे वाचले की मी दोन प्रश्न विचारतो: आठवड्यातले किती तास दार उघडे असते, आणि चालत येणाऱ्या माणसाला आत जायला किती पैसे पडतात?

कोणती इमारत सहज बदलते?

सगळ्या इमारती सारख्या लवचीक नसतात. प्रदर्शनाचे दालन म्हणजे सपाट जमीन, उंच छत, खांबांमध्ये भरपूर अंतर, मालट्रक थेट आत येईल असे दरवाजे आणि जमिनीखालून जागोजागी नेलेली वीज. रिकाम्या खोलीत हवे ते सामान मांडावे तसे तिथे काहीही मांडता येते. २०२० च्या साथीत लंडन, माद्रिद आणि न्यूयॉर्कमधल्या अशा दालनांची काही दिवसांत रुग्णालये झाली, ती याच गुणामुळे. स्टेडियम मात्र भल्यामोठ्या वाडग्यासारखे असते. त्याची सगळी रचना मधल्या हिरवळीकडे पाहण्यासाठी असते, बसण्याच्या पायऱ्या उतरत्या काँक्रीटच्या असतात आणि त्यांच्याखालच्या खोल्यांत उजेड पोहोचत नाही. तिथे शाळा किंवा कचेरी बसवायची तर इमारतीशी झगडावे लागते.

तरीही कल्पकतेने काय होते याची उदाहरणे आहेत. माँट्रियलमध्ये १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या सायकल शर्यतीच्या क्रीडागृहाला पुढे पुरेसे सायकलपटू मिळाले नाहीत. खांबाविना पसरलेले त्याचे छत मात्र अनमोल होते. १९९२ मध्ये त्याच छताखाली वर्षावनापासून ध्रुवीय किनाऱ्यापर्यंतचे अधिवास उभारले गेले आणि ‘बायोडोम’ हे शहराचे एक आवडते ठिकाण झाले. लंडनमध्ये आर्सेनल या फुटबॉल क्लबने जुने हायबरी मैदान सोडल्यावर ऐतिहासिक दर्शनी भिंती जपून प्रेक्षक-गॅलऱ्यांच्या जागी सदनिका झाल्या आणि खेळाच्या हिरवळीची बाग झाली. लिस्बनने १९९८ च्या जागतिक प्रदर्शनाची मुख्य प्रवेश-इमारत नंतर बाजारसंकुलात बदलायची, प्रदर्शनाची दालने व्यापार मेळ्यांना द्यायची आणि शेजारी मोठे रेल्वे स्थानक आणायचे, हे सगळे आधीच ठरवले होते. जुन्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या जागी आज राहती वस्ती आहे.

माझे सर्वांत लाडके उदाहरण न्यूयॉर्कचे आहे, कारण त्यात गाजावाजा फारसा नाही. राखेचे ढीग टाकण्याच्या जागेवर १९३९ चे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा शहराने स्वतःसाठी एक साधी, मजबूत इमारत बांधली. तिच्यात १९४६ ते १९५० या काळात संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरत असे. १९६४ च्या प्रदर्शनात तीच इमारत पुन्हा कामी आली आणि १९७२ पासून तिथे संग्रहालय आहे; शेजारच्या अर्ध्या भागात अनेक वर्षे बर्फावरचे स्केटिंगही चालत असे. एका कामासाठी फार घट्ट शिवलेली इमारत दुसऱ्या कामाला येत नाही, साधी इमारत मात्र अनेक पिढ्यांना पुरते.

संकटाच्या वेळी ते छप्पर पुरेल का?

मोठी दालने आपत्तीत निवारा देतात, हा संकुलांच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद आहे. तो अर्धाच खरा आहे. २००५ मध्ये कॅटरिना वादळाच्या वेळी न्यू ऑर्लीन्समध्ये हजारो लोक सुपरडोम या छत असलेल्या स्टेडियममध्ये आश्रयाला गेले. वाऱ्याने छताचे आवरण फाटले, वीज गेली, जनित्रावर जेमतेम मिणमिणते दिवे लागले, वातानुकूलन बंद पडले आणि शौचालये तुंबली. याच लोकांपैकी अनेकांना नंतर बसने ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या तशाच स्टेडियममध्ये नेले, तेव्हा तिथे खाटा, पाणी, वैद्यकीय तपासणी आणि स्वयंसेवक अशी व्यवस्था उभी राहू शकली, कारण शहराची वीज आणि नळ चालू होते. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर फुताबा गावच्या लोकांना सैतामाच्या क्रीडागृहात ठेवले गेले, तेही धोक्याच्या क्षेत्राबाहेर. तीन-चार तासांच्या सामन्यासाठी बांधलेली इमारत तीन दिवसांच्या मुक्कामाला पुरावी, असे वाटत असेल तर पाण्याच्या टाक्या, वीज, सांडपाणी आणि अंघोळीची सोय यांचा हिशेब त्याप्रमाणे करून ठेवावा लागतो.

दुसरीकडे, संकट नसतानाही इमारत शेजाऱ्यांना काही देऊ शकते. ॲम्स्टरडॅमच्या योहान क्रायफ अरेनामध्ये २०१८ पासून ३ मेगावॅट क्षमतेचा विजेचा साठा आहे. तो मोटारींच्या नव्या-जुन्या बॅटऱ्यांपासून केलेला आहे, छतावरच्या सौर पट्ट्यांची वीज तो साठवतो आणि सामना नसेल तेव्हा भोवतालच्या वीजजाळ्याला आधार देतो. शेजारी राहणाऱ्याला स्टेडियममध्ये पाऊल न टाकताही त्याचा उपयोग होतो, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

‘मग पाडून का टाकत नाही?’

कारण पाडणेही फुकट नसते. माँट्रियलच्या मुख्य स्टेडियमचे कर्ज फेडायला २००६ साल उजाडले, म्हणजे तीस वर्षे लागली, आणि त्यासाठी तंबाखूवर खास कर लावावा लागला होता. त्याच्या छताला हजारो ठिकाणी चिरा गेल्या. तीन सेंटिमीटरहून अधिक बर्फ पडण्याचा अंदाज असेल तर आत कार्यक्रम घेता येत नसे. २०२४ मध्ये माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्युबेकच्या सरकारने नव्या छतासाठी ८७ कोटी कॅनेडियन डॉलर मंजूर केले. लोक चिडले, तेव्हा सरकारचे म्हणणे असे होते की पाडायला सुमारे २०० कोटी लागतील. त्या अंदाजाबद्दल वाद घालता येईल, पण ताणलेल्या तारांनी बांधलेले काँक्रीट दाट वस्तीत सुटे करणे हे जोखमीचे आणि महागडे काम आहे, यात शंका नाही. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोमची अवस्था तर अधांतरी आहे: त्याच्या नूतनीकरणासाठी २१.७ कोटी डॉलरचे कर्ज काढायला मतदारांनी २०१३ मध्ये नकार दिला, पुढे त्याला वारसा वास्तूचे संरक्षण मिळाले, आणि त्यामुळे ते धड पाडताही येईना आणि धड वापरताही येईना.

‘पण शेजारीच हाकलले गेले तर?’

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देऊ नये. लंडनच्या उद्यानासाठी क्लेज लेन या सहकारी वसाहतीतल्या चारशेहून अधिक रहिवाशांना २००७ मध्ये घरे सोडावी लागली. रिओमध्ये व्हिला ऑटोड्रोमो या वस्तीतली शेकडो कुटुंबे उठवली गेली. दीर्घ लढ्यानंतर २० कुटुंबांना तिथेच घरे मिळाली. शिवाय उद्यान, स्थानक आणि तलाव आले की भाडी वाढतात आणि ज्यांच्या नावाने प्रकल्प झाला ते भाडेकरू हळूहळू बाहेर फेकले जातात. लंडनमध्ये खेळाडूंच्या वसाहतीतून २,८१८ घरे झाली, त्यांपैकी जवळपास निम्मी परवडणाऱ्या गटात ठेवली गेली, वैद्यकीय केंद्राचे परिसरासाठी आरोग्यकेंद्र झाले, शाळाही मिळाली. हे सगळे चांगलेच झाले. पण ‘परवडणारे’ म्हणजे कोणाच्या पगाराला परवडणारे, हा वाद तिथे आजही मिटलेला नाही. घरांचा आणि भाड्याचा करार लेखी, मुदतीसह आणि जमिनीचे मोल वाढण्याआधी झाला नाही, तर नंतर तो करून घ्यायला कोणाच्या हातात काही उरत नाही.

पैसे कोण देणार?

खासगी कंपनीला चालवायला दिले की प्रश्न सुटेल, असे म्हटले जाते. कंपनी नफ्याचे कार्यक्रम घेते, आणि तेही हवेतच. पण सकाळचा शाळेचा तास नफा देत नाही. म्हणून भाडेकरारातच शेजाऱ्यांसाठीचे तास आणि शुल्काची कमाल मर्यादा लिहून घ्यावी लागते. दुसरा मार्ग आधीच पैसा बाजूला काढण्याचा. लॉस एंजेलिसने १९८४ चे ऑलिंपिक बहुतांशी जुन्या मैदानांवर भरवले, सुमारे २३ कोटी डॉलर शिल्लक राहिले आणि त्यातला सुमारे ४० टक्के हिस्सा एका प्रतिष्ठानाकडे गेला. त्या निधीतून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या खेळाला आजही मदत होते.

दार कोणत्या बाजूला उघडते?

शेवटी बारकाव्यांचा मुद्दा, आणि माझ्या मते तो आराखड्याइतकाच महत्त्वाचा आहे. कुंपण काढले नाही, वस्तीच्या बाजूचे फाटक बंदच राहिले, किंवा मधल्या महामार्गावर पूल झाला नाही, तर उत्तम इमारतही शेजाऱ्यांसाठी परक्या गावाइतकीच लांब असते. म्युनिकचे १९७२ च्या ऑलिंपिकचे उद्यान आजही गजबजलेले आहे, कारण तिथली टेकडी, तळे आणि पायवाटा कोणत्याही तिकिटाविना शहराच्या रोजच्या फिरण्याचा भाग झाल्या. महिला खेळाडूंच्या छोट्या घरांत विद्यार्थी राहू लागले.

पॅरिसने २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये यातले बरेच धडे एकत्र वापरले. सां-दनी हे पॅरिसच्या उत्तरेचे उपनगर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे माध्यमिक शाळेत येणाऱ्या सुमारे निम्म्या मुलांना पोहता येत नसल्याचे सांगितले जात होते. तिथे नवा तरण तलाव झाला, पण पोहण्याच्या मुख्य शर्यती त्यात झाल्याच नाहीत. त्यांना लागणारी प्रेक्षकसंख्या पाहता तलाव तिप्पट मोठा बांधावा लागला असता, म्हणून त्या शर्यती आधीपासून असलेल्या एका बंदिस्त स्टेडियममध्ये तात्पुरता तलाव बसवून घेतल्या गेल्या. सां-दनीच्या तलावात सूर मारण्याच्या आणि वॉटर पोलोच्या स्पर्धा झाल्या, पुढे तिथल्या ५,००० खुर्च्या निम्म्यावर आणल्या गेल्या आणि २०२५ च्या उन्हाळ्यात तो लोकांसाठी उघडला. मधला महामार्ग ओलांडण्यासाठी पादचारी पूल आहे. त्या बंदिस्त स्टेडियममधला तात्पुरता तलाव सुटा करून त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावाला देण्याचे ठरले, तेही स्पर्धा सुरू होण्याच्या आधीच.